रंगूच्या देखत

परळच्या नाक्यावरून ट्राम सुटायच्या बेताला ती बाई चढली आणि रामचंद्रने इतर उतारूंसारखंच तिलाही तिकीट फाडून दिलं. वय पस्तिशीचं, लुगडं धुवट, मांडीवर टोपली. तिच्याकडे पाहत राहावं असं काही नव्हतं. शिवाय कंडक्टरने उतारूंची तोंडं पाहायची म्हटली तर त्याला आठवड्यात वेड लागेल, म्हणून तो फक्त हात बघायचा, हात आणि हातातली नाणी. पण या बाईने टोपलीतून एक केळं काढलं, सोललं, त्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा मोडला आणि तोंडात न टाकता गळ्याशी नेला. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक होता, रुपयाहून लहान, वर बाईची आकृती ठोकलेली. त्या आकृतीच्या तोंडाला तिने केळं लावलं, जरा थांबली, आणि मग स्वतः खाल्लं. टाक घामाने चमकत होता. घंटेची दोरी रामचंद्रच्या हातात होती आणि ती ओढायचं त्याला सुचलं नाही. पुढून ड्रायव्हर मान वळवून बघायला लागला. मास्तरांना झोप लागली काय, असं कुणीतरी विचारलं आणि दोनचार जण हसले. त्याने घंटा दिली, ट्राम हलली, पण पुढच्या नाक्यापर्यंत त्याने दोघांना चुकीची तिकिटं दिली आणि एकाला दिलंच नाही.

दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात मेलेल्या पहिलीचा टाक घालतात. सवत मेली तरी ती सवतच. तिचा जीव नवऱ्याभोवती आणि चुलीभोवती घोटाळतो, नवीचं बरं होऊ देत नाही. म्हणून तिला चांदीत बसवायचं आणि नवीनेच जन्मभर गळ्यात वागवायचं. नवं लुगडं आलं की आधी तिला दाखवायचं, घास मोडला की आधी तिला लावायचा. मांडव्याकडच्या त्याच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, जसं भरती-ओहोटीचं ठाऊक असतं. रामचंद्रला तर जास्तच, कारण त्याची आई असाच एक टाक होती. तिचं नाव रंगू. तो लहान असताना ती बाळंतरोगाने गेली आणि जाताना तोंड घेऊन गेली, म्हणजे त्याला ते कधीच आठवलं नाही. आठवायची ती ऊब. आई म्हटलं की त्याच्या उजव्या गालाला काहीतरी गुळगुळीत आणि गरम लागल्यासारखं व्हायचं, आणि बाकी सगळं त्या उबेच्या मागे धुरकट असायचं. बाप धर्माजी याने वर्ष सरायच्या आत ठमाबाईला घरात आणली. लग्नाच्या दिवशी सोनाराने केलेला टाक तिच्या गळ्यात घातला, आणि कुणीतरी, बहुतेक आत्याने, रामचंद्रला पुढे ढकलून सांगितलं की बघ, ही तुझी आय. ती बोट दाखवत होती टाकाकडे. एवढ्या मोठ्या बाईची एवढीशी चकती कशी झाली, हा प्रश्न त्याला पडला, आणि तो त्याने कुणालाही विचारला नाही.

आता धर्माजी गेला होता. भादव्यात ताप धरला आणि गणपती बुडायच्या आधी त्याने डोळे मिटले. रामचंद्र पोचला तेव्हा राख गार झाली होती. बाप गेल्याचं दुःख त्याला झालं का, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. रडू आलं ते पडवीत टांगलेलं बापाचं इरलं बघून. पण त्या रडण्यावर चुलत्याने, कोंडाजीने, त्याच दिवशी पाणी ओतलं. त्याने सांगितलं की मरायच्या आदल्या दिवशी धर्माजीने गावची चार माणसं बोलावली, कोंडाजीही त्यात होताच. त्यांच्या समोर त्याने ठमाबाईला जवळ बसवलं, तिच्या गळ्यातला टाक हातात धरला आणि सांगितलं, "घर आन खारीचं खाचर ठमीचं. रंगूच्या देखत सांगतो." एवढंच. मग त्याने पाणी मागितलं. त्या गावात मरता माणूस असंच सांगतो आणि तसंच होतं. कागद करणारा माणूस आपल्याच लोकांवर अविश्वास दाखवतो, अशी समजूत. धर्माजीने तर जास्तीचा बंदोबस्त केला होता. जिवंत साक्षीदार फितूर होतील, मेलेली कशी होईल?

रामचंद्रच्या काळजात रुतलं ते हेच. जमिनीचं त्याला एवढं वाटलं नसतं. एक भाताचं खाचर, समुद्राने कधीही गिळावं असं, आणि चार खणांचं कुडाचं घर. त्यावाचून त्याचं मुंबईत काही अडत नव्हतं. पण बापाने त्याला बेदखल केलं ते त्याच्या आईच्या अंगावर हात ठेवून. तिला साक्षीला धरून. ज्या घरात ती मेली, ज्या घरात तिच्या पायाच्या भेगांनी शेणाची जमीन ओरखडली असेल, ते घर तिच्या देखत दुसरीला दिलं आणि ती बिचारी चांदीची, काय बोलणार! ट्राम धावत असायची, तो तिकिटांना भोकं पाडत असायचा, आणि आतल्या आत हे वाक्य फिरत राहायचं: रंगूच्या देखत, रंगूच्या देखत. कधी कधी ते चाकांच्या आवाजात मिसळून जायचं आणि मग दिवसभर सुटायचं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कोंडाजी त्याला अलिबागेला वकिलाकडे घेऊन गेला. वकिलाने सगळं ऐकून घेतलं, टाकाचा भाग दोनदा सांगायला लावला, कारण त्याला त्यात गंमत वाटली, आणि मग सांगितलं की पूर्वी तोंडी मृत्युपत्र चालायचं, साक्षी भक्कम असल्या की झालं. आता कायदा बदलला. आता कागद हवा, सही किंवा अंगठा हवा, साक्षीदारांच्या सह्या हव्यात. बापाची स्वतःची कमाई असो की आणखी काही, कागद नाही म्हणजे इच्छा नाही. मुलगा एकटाच, तेव्हा सगळं मुलाचं. बाईला पोटगी द्यावी लागेल, अन्नवस्त्र आणि डोक्यावर छप्पर, बस. तुमच्या वडिलांना थोडा उशीर झाला, असंही तो म्हणाला. कोंडाजी बाहेर आल्यावर म्हणाला, "शब्द दिला व्हता खरा. मी व्हतो ना तितं. पन शब्दाला सरकार इचारत न्हाय, त्याला आपुन काय करनार?" कोंडाजीचं खाचर धर्माजीच्या खाचराला लागून होतं, बांधाला बांध. अर्ध्या वाट्याने ते तो कसणार, घरात त्याचा थोरला मुलगा बायको घेऊन राहणार, आणि ठमाबाईला गोठ्याच्या बाजूची पडवी. हे सगळं त्याने चालता चालता ठरवून टाकलं. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, म्हणजे असली तरी ती त्याच्या स्वतःच्याही ध्यानात आली नव्हती. रामचंद्रने फक्त चावडीवर जाऊन तलाठ्याला सांगायचं होतं की वारस मी.

एवढंच उरलं होतं, आणि ते उद्या होतं. रजा घेतली होती. परळहून खोलीवर परत जाताना त्याला वाटलं की ती टोपलीवाली बाई आजच का चढायची होती. केसरने, त्याच्या बायकोने, भात वाढला आणि तो नुसता चिवडत बसला, तेव्हा तिने त्याला धारेवर धरलं. केसर पेणकडची, स्पष्ट बोलणारी, आणि तिचं म्हणणं चुकीचं नसायचं हीच तिच्याबरोबर राहण्यातली अडचण होती. घराचं काय व्हायचं ते होवो, ती म्हणाली, पण सासूबाईंचा टाक आपल्या देवात पाहिजे. नवरा होता तोवर ठीक, त्याच्या जिवाला धोका नको म्हणून सवतीने तो वागवायचा. आता नवरा नाही तर त्या बाईने तो गळ्यात मिरवायचा कशासाठी? दहाव्याला तिच्या बांगड्या फोडल्या, मणी तोडले, तेव्हा बायांनी टाकालाही हात घातला होता. तेव्हा ठमाबाईने त्यांचे हात धरले आणि म्हणाली होती, "माजा नवरा मेला. माजी सवत न्हाय मेली." केसर तिथे होती, तिने स्वतः ऐकलं होतं, आणि तिच्या मते हा उर्मटपणा होता. रामचंद्रने तेव्हा बाहेर बसून ते ऐकलं होतं आणि त्याला वाटलं होतं की बाप मेल्यावरसुद्धा ही बाई आईला सोडणार नाही.

सकाळी भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटली. डेकवर कोळणींच्या रिकाम्या पाट्या, आणि घरी निघालेले गिरणीवाले कोंडाळं करून पत्ते खेळत होते. रामचंद्र कठड्याशी बसला. वारा गार होता, मार्गशीर्षातला, आणि त्याने कान मफलरमध्ये गुंडाळले. त्याला काही आठवायचं नव्हतं. पण आठवण ही ठरवून येणारी गोष्ट असती तर माणसं सुखी झाली असती. त्याला आठवला तो ठमाबाईच्या अंगाला येणारा वास, धुराचा, सुक्या जवळ्याचा आणि खोबरेल तेलाचा. ती त्याला कधी जवळ घ्यायची नाही. घ्यायची नाही म्हणजे बोलवायची नाही. तिच्या तोंडाला गोडवा नव्हता. हाक मारायची तीही भांडं आपटल्यासारखी. पण दुपारी ती ओटीवर कलंडली की हा जाऊन तिच्या कुशीत शिरायचा, आणि तेही तिच्यासाठी नव्हे. तिच्या गळ्यात आई होती ना. तो टाकावर गाल ठेवायचा, उजवा गाल, आणि आईशी बोलायचा. आय, मला ही शिळी भाकर देते. आय, शाळेत मला पंतोजीने मारलं. आय, मला गूळ पाहिजे. ठमाबाई डोळे मिटून पडलेली असायची, हलायचीही नाही. आणि आई ऐकायची. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण दुसऱ्या दिवशी भाकर ताजी असायची. गुळाचा खडा फळीवर त्याच्या हाताला लागेल असा ठेवलेला असायचा. पंतोजीचं मात्र आईला काही जमलं नाही, पण ती मेलेली बाई, शाळेपर्यंत तिचा हात कसा पोचणार, असं त्याने आपल्या मनाचं समाधान करून घेतलं होतं. एकदा ठमाबाईने त्याला चिंचेच्या फोकाने मारलं, तेव्हा त्याने टाकाला तोंड लावून सांगितलं होतं की आय, हिला मारून टाक. दुसऱ्या दिवशी ठमाबाईने त्याला न्हाऊ घातलं, नेहमीसारखंच, कान उपटून निघतील असं घासून. आई चांगली होती म्हणून तिने तसलं काही केलं नाही, एवढंच तो समजला.

या सगळ्याकडे त्याने मोठेपणी कधी वळून पाहिलं नव्हतं. लहानपणच्या गोष्टी माणूस तशाच बांधून ठेवतो, गाठ सोडून आत काय आहे ते बघत नाही. नंतर तो तालुक्याला शिकायला गेला, मग मुंबईला, आणि ठमाबाईला त्याने हाक मारायचा प्रश्नच मिटला. खरं तर त्याने तिला कधी कशानेच हाक मारली नव्हती. आय म्हटलं तर टाकाला लागायचं, ठमी म्हणायचा अधिकार बापाचा. तो नुसता खोकायचा, किंवा भांड्याचा आवाज करायचा, आणि तिला कळायचं. मधल्या काळात तिची दोन मुलं जन्मताच गेली, हे त्याने कुणाकडून तरी ऐकलं. गावाने अर्थात म्हटलं की रंगूने नेली. असल्या गोष्टीत गावाचं एकमत व्हायला वेळ लागत नाही. ठमाबाईने त्यानंतरही घास लावायचा सोडला नाही. सुट्टीत गेला की तो बघायचा, भाकरीचा तुकडा आधी गळ्याशी, मग तोंडाशी. भीतीने करत असेल, असं तो मनाशी म्हणायचा. बोट आता मांडव्याच्या समोर आली आणि उतारूंना न्यायला पडाव निघाले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण मफलरवरून उजवा गाल चोळतोय.

चावडीवर कोंडाजी आधीच येऊन बसला होता, धुतलेला सदरा, कपाळाला गंध, जशी काही वरात निघायची आहे. तलाठी म्हातारा, नाकावर चष्मा, त्याला धर्माजीच्या शब्दाची सगळी हकीकत ठाऊक होती. तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हती? तरी त्याने कायद्याप्रमाणे विचारलं. मयत कोण, वारस कोण. आपण वारस म्हणून स्वतःचं नाव घेतलं की ती बाई गोठ्याच्या पडवीत जाणार, आणि नाही घेतलं तर जिथे आई मेली ती जागा कायमची हातची जाणार, असं दोन्ही एकदमच त्याच्या डोळ्यापुढे उभं राहिलं. मग त्याला तो हात दिसला, बापाचा हात, टाकावर. आणि तो म्हणाला, वारस मी, रामचंद्र धर्माजी. मयताच्या मागे बाई आहे ती कोण, तलाठ्याने विचारलं. सावत्र, तो म्हणाला. तलाठ्याने लिहून घेतलं आणि सांगितलं की सर्कल साहेब येऊन शिक्कामोर्तब करतील तोवर हरकत घ्यायची असेल त्याने घ्यावी. कोण घेतोय हरकत, असं म्हणून कोंडाजी हसला. बाहेर आल्यावर रामचंद्रला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

घरी जायचं त्याच्या मनात नव्हतं; कोंडाजीकडे जेवून परतीची बोट धरायची होती. पण टाक मागायचा होता, केसरने बजावलं होतं. ठमाबाई अंगणात वाल सोलत बसली होती. भात झोडून झालेला, पेंढ्याची उडवी रचलेली, ती बहुतेक तिने एकटीनेच रचली असावी. बातमी तिच्याकडे त्याच्या आधी पोचली होती. तिने वर बघितलं, सूप बाजूला सारलं, आणि त्याला बसायला सांगितलं नाही. तो दारातल्या खुंटाला टेकून उभा राहिला, काय म्हणून सुरुवात करावी ते सुचेना, आणि सवयीने खोकला. तेवढ्याने तिला काय कळायचं ते कळलं. तिने दोन्ही हात मानेमागे नेले आणि काळ्या दोऱ्याची गाठ सोडायला लागली. गाठ जुनी, घामाने आवळलेली, लवकर सुटेना. तो नुसता बघत होता. शेवटी तिने दोरा डोक्यावरून काढला.

"घर तुज्या नावावर लागलं म्हनं," ती म्हणाली. "लागू दे. मला त्याचं काय न्हाय. पन त्यांनी हिच्या अंगावर हात ठेवून शब्द दिला व्हता. त्यो आज मोडला. मोडलेल्या शब्दाची साक्ष मी गळ्यात घेऊन कुटं फिरू? ने तुजी आय."

तिने टाक त्याच्या तळहातावर ठेवला. तो गरम होता. इतका गरम, की त्याची बोटं आपोआप मिटली आणि ती ऊब एकदम ओळखीची निघाली. हीच ती, हीच. आई. एवढ्या वर्षांनी ती त्याच्या हातात आली होती आणि तशीच होती. त्याला ठमाबाईकडे बघवेना. तिचा गळा आता नुसताच होता, जिथे टाक असायचा तिथे कातडीवर एक फिकट गोल उमटलेला. ती पुन्हा वाल सोलायला लागली. पडवीत सामान हलवून ठेवते, कोंडाजीला सांग घाई करू नको, एवढं तिने सांगितलं. रामचंद्रने मान हलवली आणि बंदराची वाट धरली. कोंडाजीकडे जेवायला तो गेलाच नाही.

वाट खारीच्या बांधावरून जाते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला कापलेली खाचरं, त्यातलं एक आता त्याचं. मागे एकदा उधाणाला हा बांध फुटला होता, सगळी खार बुडाली होती, आणि धर्माजी नि ठमाबाईने चिखलाच्या पाट्या वाहून खांड बुजवली होती. तो तेव्हा मुंबईत नव्या नोकरीवर होता आणि त्याला वेळ नव्हता. पण आता तो खाचराकडे बघत नव्हता. मूठ छातीशी धरून चालला होता. आईला घेऊन चाललोय, असं त्याने मनाशी म्हणून बघितलं, आणि म्हणताना त्याला आनंद झाला, खरोखरीचा, लहान मुलासारखा. आंब्याच्या झाडापर्यंत तो आनंद टिकला. मग त्याला वाटलं की मुठीत काहीतरी बदलतंय. त्याने मूठ उघडली. वारा लागला. टाक गार होत होता. त्याने मूठ पुन्हा मिटली, टाक दोन्ही हातांत धरला, फुंकला, सदऱ्याच्या आत छातीला लावला. पण त्याचे स्वतःचे हात बोटीपासून थंडगार होते, छातीवर घाम नव्हता, आणि चांदी ती चांदी. बांधाच्या कडेला तो उकिडवा बसला. कुणी बघत नाही ना, हे बघून त्याने टाक उजव्या गालाला लावला. गार. पत्र्याच्या तुकड्यासारखा. आकृतीला नाक होतं, दोन ठिपक्यांचे डोळे होते, कान तर सोनाराने काढलेलेच नव्हते. "आय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच बावळट वाटला.

मग ते एकदम ध्यानात आलं, आणि इतकं साधं होतं की त्याला स्वतःची लाज वाटली. ही कधीच गरम नव्हती. गरम ती होती, ठमाबाई. उन्हाळ्यात, थंडीत, तापात, पोरं मेल्यावर, बाळंतपणाच्या पाण्याने अंग भिजलेलं असताना, ती या चांदीला आपल्या अंगाने गरम ठेवत होती, आणि त्याने ती ऊब उचलून दुसरीच्या नावावर लावली होती. आणि टाकाला कान नव्हते. कान होते ते वितीभर वर, मिटलेल्या डोळ्यांच्या बाजूला. शिळी भाकर. गूळ. हिला मारून टाक. सगळं तिने ऐकलं होतं, न हलता, कारण हलली असती तर त्याची आई मोडली असती. तो बसून राहिला. खाडीत ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडत होता. तिकडे मांडव्याला बोटीचा भोंगा झाला, एकदा, मग परत एकदा. तो उठला नाही. आईची म्हणून जी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती ती आता आईची राहिली नव्हती, आणि तिच्या जागी ठेवायला रंगूचं त्याच्याकडे काहीच नव्हतं, तोंडसुद्धा नाही. हे दुःख त्याला आयुष्यात पहिल्यांदा झालं, आई गेल्याचं. भोंगा थांबला तेव्हा तो घराकडे वळला होता.

ठमाबाई चुलीपुढे बसली होती. पुढ्यात ताटली, तांदळाची भाकर, वालाची आमटी. आमटीवर साय धरली होती. भाकरीचा एक तुकडा मोडलेला, तो तिच्या बोटांत तसाच. तो दारात उभा राहिला, आणि पुन्हा तिला हाक मारायला त्याच्यापाशी शब्द नव्हता. तरी तिने वर बघितलं.

"जेवली न्हायस?" त्याने विचारलं.

"हात गळ्याशी जातो," ती म्हणाली. "तितं कोन न्हाय. मंग खाली येतो. सवय हाय, दुसरं काय."

तो आत गेला आणि तिच्यासमोर बसला, पाटाशिवाय, बुटासकट. तिने बुटांकडे बघितलं. त्याने मूठ उघडून पुढे केली. "घाल गळ्यात. उद्या तलाठ्याकडं जाऊ, दोघं. बा बोलला तसं लिवून देतो." कोंडाजी काय म्हणेल, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं की कोंडाजी तिथे होता ना, बाने शब्द दिला तेव्हा. त्यालाच साक्षीला घेऊ. आणि केसर, हे तिने विचारलं नाही, पण ते त्याच्या मनात आलं आणि तिथेच राहिलं. खोलीवर गेल्यावर ते सगळं होणार होतं, आणि केसरचं म्हणणं चुकीचं नसणार होतं.

ठमाबाईने हात लुगड्याला पुसला, दोरा डोक्यावरून घातला, टाक गळ्यावर टेकला आणि ती दचकली. "गार पडली की रं ही," ती म्हणाली. मग तिने बोटांतला तुकडा टाकाला लावला, जरा थांबली, आणि खाल्ला. भूक लागलेली बाई जशी खाते तशी, मान खाली घालून, भराभर. तो बघत होता. विचारू नये असं त्याला वाटत होतं आणि तरी त्याने विचारलं.

"मी हिच्याशी बोलायचो, लहानपनी. तुला आयकू यायचं?"

तिने चावायचं थांबवलं नाही. घास गिळला, वर पाणी प्याली. "मंग गूळ कुटनं यायचा?" ती म्हणाली, आणि उरलेली अर्धी भाकर मोडून त्याच्यापुढे सरकवली.